हा आपटा नाही

आमच्या शेजारचे गायधनी काका नमस्काराला उत्तर म्हणून "हा आपटा नाही" असं म्हणतात. मी काही वाढवून सांगत नाही. आम्ही इंदिरानगरला राहायला आलो त्या दिवशी मी त्यांच्याकडे साखर मागायला गेले होते. "मी शेजारी नवीन," एवढं म्हणेपर्यंत त्यांनी फाटकाजवळच्या झाडाकडे बोट दाखवलं. "हा आपटा नाही. देवकांचन आहे. लक्षात ठेवा." साखर काकूंनी दिली.

झाड बेताचंच. काकूंनी हौसेनं लावलेलं. बाकीची झाडं फुलून मोकळी होतात तेव्हा हे ढिम्म उभं. दिवाळीनंतर जांभळट गुलाबी फुलांनी भरेल, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. प्रत्यक्षात यायची दोन-चार, तीही पार शेंड्याला. कारण कळ्या धरायच्या नेमक्या दसऱ्याच्या सुमाराला, आणि पान आपट्यासारखंच मधोमध चिरलेलं. मग काय, सोनं म्हणून अख्खी कॉलनी ओरबाडायची, कळ्यांसकट.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि झाडाच्या बंदोबस्ताला लागले. घटस्थापना झाली की फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची आणि गळ्यात शिट्टी. पाटीही लावली, "हा आपटा नाही". त्यामुळे आजवर ज्यांचं झाडाकडे लक्ष नव्हतं तेसुद्धा थांबून बघायला लागले. एकदा आमच्या ह्यांनी येताजाता एक पान तोडलं. काकांनी पाकिटातून आपट्याचं खरं पान काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा, आखूड आणि रुंद. आणि हे तुम्ही तोडलेलं बघा, लांबट. डोळे आहेत की बटणं?" आमचे हे इंजिनिअर आहेत. आठवडाभर घरात तोंड पाडून फिरत होते.

काकू पायरीवर बसून हसायच्या. "अहो, नेऊ द्या हो. त्या निमित्तानं माणसं दारात येतात."

"माणसं कसली, टोळधाड आहे."

"फुलं नाही आली तर नाही आली."

काकांची पाठ वळली की त्याच पोरांच्या हातात काकू स्वतः फांदी द्यायच्या. संध्याकाळी तीच पानं सोनं म्हणून काकांच्याच हातात परत यायची. काका ती घ्यायचे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि वर म्हणायचे, "हा आपटा नाही."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तिचं झाड एकदा तरी भरून फुललं पाहिजे, हे काकांनी डोक्यात घेतलं ते घेतलंच. पोरांच्या आयांशी भांडले. पलीकडच्या देशमुखांच्या मुलाच्या सायकलची हवा सोडली. शेवटी लोक वैतागले. त्या घराकडे फिरकायचं नाही, असं घरोघरी पोरांना बजावून झालं.

यंदा झाड कळ्यांनी नुसतं लगडलं. इतकी वर्षं बघतेय, असं कधी नव्हतं. दसऱ्याला काका इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. शेजारी स्टुलावर पेढ्यांचा डबा. गल्लीभर पोरं सोनं वाटत हिंडत होती, आणि काकांचं फाटक आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जात होती. शिट्टी एकदाही वाजली नाही. डबाही उघडला नाही. मला खिडकीतून बघवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात काका. हातातल्या पिशवीतून फांद्या बाहेर आलेल्या, पानांसकट आणि मिटलेल्या लांबट कळ्यांसकट.

"काका, हे काय केलंत? यंदा तर फुललं असतं."

"फुललं असतं," काका म्हणाले. "आणि मी एकटा बघत बसलो असतो."

त्यांनी एक डहाळी माझ्या हातात ठेवली. सवयीनं तोंडातून निघालंच, "हा आपटा नाही." मग थांबले. "पण घ्या."

मी वाकून नमस्कार केला. ह्यांनी आत या म्हटलं, तर म्हणाले, "नको, अजून सगळी घरं राहिलीत." आणि देशमुखांच्या फाटकाशी गेले. आतून पोरांचा दंगा ऐकू येत होता. काकांनी पिशवी खाली ठेवली, परत उचलली. सदरा सारखा केला. कडीवर हात ठेवून ते बराच वेळ तसेच उभे होते. कडी काही वाजली नाही.