खांदा कॉलनीच्या जांभळ्या पिनेची मोहीम

श्री गजानन प्रसन्न. सकळ वाचकांसी विदित व्हावे की, खांदा कॉलनीचे मुक्कामी एका कीबोर्डाचे कारणे जे रण माजले, त्याची हकीकत पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिली असे. लागलेच असेल, तर गोड मानून घ्यावे.

राजश्री कुमारराव, विमा कचेरीतील अंमलदार, स्वभावे अतिउत्साही. त्यांचे कुटुंब वज्रचुडेमंडित शशिकलाबाई, लग्नपत्रिकांचे टायपिंगात साऱ्या पनवेल प्रांती मशहूर. बाईसाहेबांचा कीबोर्ड जुना, वजनाने पाट्यासारखा, अक्षरे घासून पुसलेली, परंतु बोटांस ठिकाणे पाठ. ऐसे असता, दसऱ्याचे सांजवेळी बाई पळस्प्यास भावाकडे सोने द्यावयास गेल्या, आणि मागे रावांनी मुहूर्त साधून जुना संगणक भंगारवाल्याचे हवाली केला, आणि नवा आणिला, आणि नव्यासह बाईंच्या जुन्या कीबोर्डाचीही यथासांग पूजा केली. मग जोडू जातात तो काय, कीबोर्डाची जांभळी गोल पिन शिरावी ऐसे भोकच नव्यास नाही!

बाई परतल्या आणि हुकूम सुटला की, अहो, चपटा कीबोर्ड बाजारात मिळेल, पण माझी बोटं कुठून आणाल. हा चालू होईतो मी एक अक्षर टाईप करायची नाही. इकडे शेजारचे इझिकेलभाऊ यांची कन्या याएल हिचे लग्न तोंडावर आलेले, पत्रिका बाईंकडे अडकलेली. सबब भाऊही कासावीस होऊन मसलतीस दाखल जाहले. लेकीच्या लग्नाची पत्रिका, आणि ती दुसऱ्या कोणाकडे टाकावी हे त्यांच्या मनास येईना.

प्रथम बाजारपेठेतून गोल पिन यूएसबीच्या चपट्या भोकास जोडणारा साधा कन्व्हर्टर आणून मोर्चा बांधिला; तो बिलकूल उपयोगी पडला नाही. मग भाऊंनी, जन्म कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यात घालविलेला असल्याने, मसलत दिली की, मध्ये मायक्रोकंट्रोलर नामे बोटभर दुभाषी बसवावा. त्याने जुन्या कीबोर्डाची बोली ऐकावी आणि नव्या संगणकास यूएसबीच्या बोलीत कळवावी.

उमेदवार बहुत आले. एक निळा बोर्ड, मोठा नावाजलेला, पाच व्होल्ट सहज पचविणारा. परंतु संगणकापुढे आपणच कीबोर्ड म्हणून उभे राहणे त्यास येईना. दुसरा नाजूक आणि चपळ. कुमाररावांनी व्हिडिओ पाहून तोच पसंत केला. भाऊ म्हणाले की, कुमारराव, हा सव्वातीन व्होल्टांचा गडी, कीबोर्ड पाचाचा. थेट जोडाल तर मरेल. राव म्हणाले की, काही होत नाही हो. जोडिला आणि मेला. मग नाक मुठीत धरून भाऊंचे पसंतीचा तिसरा मागविला, जो पाच व्होल्टही सोसतो आणि कीबोर्डाचे सोंगही घेतो. तारांचे डागकाम जाहले, प्रोग्रॅम चढविला, हिरव्या पिनेचा जुना माऊससुद्धा तसल्याच दुसऱ्या बोर्डाकरवी चालू जाहला.

कीबोर्ड मात्र ढिम्म. रावांनी भाऊंचे डागकामास दोष दिला, भाऊंनी रावांचे प्रोग्रॅमास, आणि शेजारधर्म तुटण्याचे बेतास आला. तेव्हां शशिकलाबाई जातीनिशी रणात उतरल्या, पिन खिडकीपाशी धरून पाहिली आणि शांतपणे विचारिले की, अहो, आत हे लाल काय वाळलंय?

कुमाररावांनी पिन हाती घेऊन निरखिली. मग कबूल जाहले की, दसऱ्यास शस्त्रपूजा करिता, शस्त्राचे मुख ते हेच समजून, ओले हळदकुंकू भक्तीने आतपर्यंत लाविले होते.

बाईंनी जुना टूथब्रश स्पिरिटात बुडवून पिन घासली आणि जोडिली. कळा खडखडू लागल्या. भाऊंचे डोळे भरून आले. म्हणाले की, वहिनी, याएलचं नाव आधी टाईप करा. त्याच दुपारी पत्रिका छापावयास रवाना जाहली. मोहीम फत्ते. तहात कलम पडिले की, यापुढे दसऱ्यास कीबोर्डास फक्त फूल वाहावे, आणि बाईंस न विचारता घरातील काही भंगारात देऊ नये.

ही बखर त्याच कीबोर्डावर टाईप जाहली. कुंकवाचा मजकूर गाळावा, ऐसा कुमाररावांनी अर्ज केला होता; परंतु टाईप करणार खुद्द शशिकलाबाई, सबब नामंजूर.