गोधडीला गरजू पाहिजे

डॉक्टर सकाळी खुर्चीत बसले आणि लगेच उठले. खुर्चीत सुई होती.

"सापडली का?" आतून बाईंचा आवाज आला. "कालपासून शोधतेय मी ती."

"सापडली," डॉक्टर म्हणाले. "दरवेळी मलाच सापडते."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, तेही निवृत्त. उभ्या हयातीत त्यांनी गावाला सुया टोचल्या, आणि आता त्याची परतफेड घरच्या घरी चालली होती. कारण त्यांच्या पत्नी गोधडी मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि मंडळाला स्वतःची जागा नसल्यामुळे मंडळ डॉक्टरांच्या घरात राहत होतं. डॉक्टरही त्याच घरात राहत, पण मंडळाच्या सोयीने. जेवणाच्या टेबलावर शिवणयंत्र होतं, सोफ्यावर अस्तराचे तागे होते आणि न्हाणीघरात जायचं तर चिंध्यांची पोती ओलांडावी लागत. डॉक्टर जेवायचे ते खिडकीशी उभं राहून, हातात ताटली धरून.

मंडळाचं काम तसं सरळ होतं. बायकांनी जुन्या कपड्यांचे तुकडे गोळा करायचे, जोडायचे, थरावर थर ठेवून धावदोरा घालायचा आणि तयार गोधडी कुणा गरजूला द्यायची. दिली की ती पांघरलेल्या गरजूचा फोटो काढायचा. फोटो नाही तर दान नाही, हा अध्यक्षबाईंचा नियम. दुसरा नियम असा, की प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवायची आणि तिच्यावर दोऱ्याने पत्ता भरायचा, 'सापडल्यास या पत्त्यावर पोहोचवावे.' सुरुवातीला हॉस्पिटलच्या धुलाईत काही गोधड्या गडप झाल्या होत्या, तेव्हापासूनची ही पट्टी. मंडळाचा पत्ता म्हणजे अर्थातच डॉक्टरांचा पत्ता.

एवढ्या गोधड्या घरातून बाहेर पडल्या, पण डॉक्टरांच्या अंगावर मात्र दुकानातून आणलेलं एक विटकं ब्लँकेट होतं. ते वर ओढलं की पाय उघडे पडत आणि खाली ओढलं की खांदे. मंडळ सुरू झालं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पहिली तुमची." मग पहिली अनाथाश्रमात गेली, दुसरी हॉस्पिटलात, आणि पुढे डॉक्टरांनी विषय काढला की एकच उत्तर यायचं, "तुम्हाला काय धाड भरलीय? जगात लोक कुडकुडताहेत!" कुडकुडत डॉक्टरही होते, पण ते जगात मोडत नव्हते. याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. प्रश्न गोधडीचा नव्हता. रांगेत आपला नंबर कधी येतच नाही, हे त्यांना लागलं होतं.

"अहो, आज एक काम करा," बाई हातात घडी घेऊन बाहेर आल्या. "ही वर्षातली शेवटची. संध्याकाळी आपल्याकडे मंडळाची सभा आहे. त्याआधी ही कुणाला तरी देऊन फोटो आणा. यंदा एकही गोधडी पडून राहिली नाही, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"आणि आणला फोटो तर?"

"तर पुढची तुमची. शब्द देते."

डॉक्टरांनी गोधडी हातात घेऊन उलगडली. मधोमध निळ्या चौकड्यांचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्याला खिसा होता.

"अगं, हा माझा शर्ट आहे!"

"होता."

"केव्हापासून शोधतोय मी! तू म्हणालीस, दोरीवरून उडाला."

"उडालाच. उडून इथे पडला," बाई म्हणाल्या. "आणि खिसा मुद्दाम ठेवलाय. गरजू माणसाला खिसा लागतो. निघा आता."

डॉक्टर निघाले. स्वतःचा शर्ट दान करायला स्वतःच निघालेला माणूस जसा चालेल तसे ते चालत होते.

वृद्धाश्रमाच्या दारातच तिथल्या व्यवस्थापिकेने त्यांना अडवलं. "घडी बाहेर ठेवा. आत आणू नका."

"एकच आहे हो."

"डॉक्टर, आमच्याकडे माणशी तीन झाल्यात. एक खाली, एक वर आणि एक खिडकीला. त्यात काल विणकाम मंडळाच्या बायका येऊन सगळ्यांना मफलर घालून गेल्या. मागच्या आठवड्यातले होतेच गळ्यात. आता औषध पाजायचं तर आधी आजोबांचं तोंड शोधावं लागतं."

विणकाम मंडळ म्हणजे टाका केवढा लांब असावा यावरून भांडून गोधडी मंडळातून फुटलेल्या बायका. तेव्हापासून दोन्ही मंडळं गावातल्या गरिबांवर टपून असत. हॉस्पिटलच्या रखवालदाराने डॉक्टरांची काखेतली घडी लांबूनच पाहिली आणि फाटक लावून घेतलं. अनाथाश्रमात पोरांनी गोधड्यांचे तंबू ठोकून लढाई मांडली होती, तिथे कुणाला थंडी वाजायचा प्रश्नच नव्हता.

रस्त्याच्या कडेला एक माणूस गाल धरून दीनवाणा बसलेला दिसला. डॉक्टरांना आशा वाटली. ते जवळ गेले, त्या माणसाने वर पाहिलं, ओळखलं आणि गाल तसाच धरून पळत सुटला. जुना पेशंट होता.

कोपऱ्यावर चपला शिवणारा बसला होता. त्याने डॉक्टरांसाठी जागा केली. "बसा. तुमचीच आहे." खरंच, बसायला मंडळाचीच गोधडी होती, पट्टीसकट.

"आणखी एक घ्या ना," डॉक्टर काकुळतीला आले.

"घेतली असती. पण तुम्ही फोटो काढाल."

"छोटासाच."

"मागचाही छोटासाच होता. तो तुमच्या बाईंनी वाचनालयाच्या फलकावर लावला. तो बघून बायकोच्या माहेरचे सगळे भेटायला आले. मी आहे का गेलो, म्हणून! आठवडाभर राहिले डॉक्टर. तुमच्या फुकटच्या गोधडीपायी माझं दिवाळं निघालं."

सूर्य कलायला लागला तेव्हा डॉक्टर बागेतल्या बाकावर येऊन टेकले. पायांचे तुकडे पडले होते. गावभर हिंडून एक धड गरीब मिळत नाही, म्हणजे गाव सुधारलंय की मंडळाने गाव संपवलंय, त्यांना कळेना. फोटो नाही म्हणजे पुढची गोधडी नाही. आणि मग त्यांच्या सरळमार्गी डोक्यात आयुष्यातली पहिली लबाडी शिरली. फोटोत गरजू हवा. गरजू कोण, हे कुठे लिहिलंय? तोंडावरून गोधडी ओढली की झालं!

त्यांनी मोबाईल समोरच्या बाकावर टेकवला आणि आपोआप फोटो निघतो म्हणतात ते बटण दाबलं, निदान दाबलं असं त्यांना वाटलं. बूट काढून बाकाखाली सारले. डाव्या मोज्याला भोक होतं, ते बरंच झालं. चष्म्यात गरिबी दिसत नाही म्हणून तो काढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात शर्टाच्या त्या खिशात गेला. मग डॉक्टर बाकावर आडवे झाले आणि क्लिक होण्याची वाट बघू लागले.

क्लिक काही झालं नाही. पण गोधडी मात्र खांद्यांपासून पायांपर्यंत पुरली आणि वर उरली. नव्या सुती अस्तराची ऊब हळूहळू अंगात उतरायला लागली. एवढी छान गोधडी शिवते आपली बायको, हे डॉक्टरांना त्या दिवशी प्रथम कळलं. त्यांनी तोंडावरची गोधडी थोडी खाली घेतली, एक जांभई दिली आणि घोरायला लागले.

जाग आली तेव्हा समोर खाकी रंगाचं काहीतरी धूसर उभं होतं. डॉक्टरांच्या पोटावर एक पाव होता आणि गळ्यात काहीतरी टोचत होतं.

"आजोबा, उठा. घर कुठे तुमचं?" हवालदार गावात नवा होता. त्याचे दात अजून ठीक होते, म्हणून तो डॉक्टरांना ओळखत नव्हता.

"मी आजोबा नाही. डॉक्टर आहे."

"बरं, डॉक्टर. हा तिकडे पडलेला मोबाईल तुमचा?"

"हो. तो माझा फोटो काढत होता."

"कोण?"

"मोबाईल."

हवालदाराचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि इथे काय करताय तुम्ही?"

"गरजू शोधतोय."

"ही गोधडी तुमचीच ना?"

"नाही, नाही! गोधडी माझी नाही. खिसा माझा आहे."

"आणि हा मफलर?"

डॉक्टरांनी गळा चाचपला. "हा कुणाचा?"

हवालदार त्यांच्याशेजारी बसला. असल्या माणसांशी ओरडून बोलू नये, हे त्याला माहीत होतं. गोधडी नीट करता करता त्याच्या हाताला कोपऱ्यातली पट्टी लागली. त्याने ती उजेडाकडे धरून वाचली.

"शाबास! घरच्यांनी पत्ता शिवून ठेवलाय. शहाणी माणसं दिसतात."

"अहो, तो माझा पत्ता नाही! तो गोधडीचा आहे!"

"बरं. मग तुमचा कुठला?"

"तोच," ते हळूच म्हणाले.

"चला," हवालदार म्हणाला.

इकडे डॉक्टरांच्या घरी सभा रंगात आली होती. अस्तराचे तागे पलंगावर गेल्यामुळे बायकांना बसायला सोफा मिळाला होता. अध्यक्षबाई उभ्या राहून सांगत होत्या, "यंदा मंडळाकडे एकही गोधडी शिल्लक नाही. शेवटचीही योग्य माणसाच्या अंगावर पडली आहे. फोटो येतच असेल."

तेवढ्यात चिटणीसबाईंच्या मोबाईलवर फोटो आलाच, पण तो विणकाम मंडळाकडून. खाली लिहिलं होतं, 'बागेतला निराधार. आमच्या मफलरने त्याला दिली मायेची ऊब.'

"अगबाई!" चिटणीसबाई किंचाळल्या. "ही गोधडी आपली आहे!"

मोबाईल हातोहात फिरला. "बघा तरी चोरटेपणा! अख्खं पांघरूण आपलं, आणि नाव त्या वीतभर मफलरचं!"

"पण माणूस खरा गरजू आहे हं," चिटणीसबाई म्हणाल्या. "मफलरमुळे तोंड नीट दिसत नाही, पण कसा आ वासून पडलाय बिचारा. असा गरजू आपल्याला वर्षभरात मिळाला नव्हता."

"कुणी नसेल हो त्याला," एकीने डोळे टिपले.

"असेल तरी काय उपयोग? मोज्याला केवढं भोक पडलंय, ते घरात कुणाला दिसलं नाही?"

मोबाईल अध्यक्षबाईंपर्यंत आला. त्यांनी फोटो मोठा केला. आधी त्यांना खिसा दिसला, मग मोजा. ते भोक त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. गेल्या महिन्यात ते शेंगदाण्याएवढं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, टाका घालते. बाई खाली बसल्या आणि त्यांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

दारावरची बेल वाजली. चिटणीसबाईंनी दार उघडलं. दारात हवालदार होता. त्याने पट्टी पुन्हा एकदा वाचली, घराचा नंबर पाहिला आणि मागे वळून गोधडीत गुंडाळलेले डॉक्टर पुढे केले. त्यांच्या एका हातात बूट होते, दुसऱ्यात पाव.

"हे तुमच्याकडचं आहे का?"

सोफ्यावरच्या बायका आधी डॉक्टरांकडे, मग मोबाईलकडे, मग अध्यक्षबाईंकडे बघायला लागल्या. चष्मा नसल्यामुळे डॉक्टरांना बायको नुसती एका रंगाच्या ढगासारखी दिसत होती, आणि त्या ढगातून काय निघेल याची त्यांना खरोखर भीती वाटली. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न होता. नाही म्हणाली तर?

बाई उठल्या. "हो," त्या म्हणाल्या. "आमचंच आहे. कुठे सापडलं?"

"बागेत. जरा भ्रमिष्टासारखं बोलतात. जपा त्यांना."

"जपायचंच राहून गेलं जरा," बाई म्हणाल्या.

हवालदार गेला. खोलीत कुणी सुई टाकली असती तर ऐकू आली असती, आणि डॉक्टरांना नंतर ती टोचलीही असती. शेवटी चिटणीसबाईंना राहवलं नाही. "पण बाई, मग शेवटची गोधडी गरजूला गेली, असं म्हणायचं की नाही?"

अध्यक्षबाईंनी पदसिद्ध ताठ मान आणखी ताठ केली. "गेली. फोटो सगळ्यांनी पाहिलाय. असा गरजू वर्षभरात मिळाला नव्हता, असं तुम्हीच म्हणालात."

मग त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यातला मफलर दोन बोटांनी उचलून चिटणीसबाईंच्या हातात दिला. "हा त्यांना पोहोचता करा. आमच्या माणसाला ऊब आहे म्हणावं." निळ्या चौकड्यांच्या खिशात हात घालून त्यांनी चष्मा काढला, तो कापडाने पुसला आणि डॉक्टरांच्या नाकावर बसवला. तो तिथेच असणार, हे त्यांना न सांगता माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गोधडीतून उठायला तयार नव्हते. बाई पलंगाशी बसून मोज्याला टाके घालत होत्या.

"अगं, ही पट्टी मानेला टोचते," डॉक्टर म्हणाले. "तेवढी उसवून टाक ना."

"राहू दे," बाईंनी दोरा दाताने तोडला. "तुम्ही पुन्हा गरजू शोधायला निघालात तर?"

जुनं विटकं ब्लँकेट घडी घालून दाराशी ठेवलं होतं. ते एखाद्या गरजूला द्यायचं, असं मंडळाने एकमताने ठरवलं. ते अजून दाराशीच आहे.