झाडपाळीची पाटी

शनिवारी सकाळी रान्हिल्डने दार उघडलं, तर कडीला पाटी लटकत होती. लाकडाची, तेल लावून जपलेली, वर केरसुणीचं चित्र. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तिची.

तिने जिना खालपासून वरपर्यंत पाहिला. ओढ्यातल्या गोट्यासारखा लखलखीत. तिने पाटी काढली, तळमजल्यावरच्या घरमालकीण हेबर्लेबाईंच्या दाराला अडकवली आणि अभ्यासाला बसली.

ती दूर उत्तरेकडच्या बर्गन शहराची, समुद्रजीवशास्त्राची विद्यार्थिनी. जर्मन भाषा आणि संस्कृती हा दुय्यम विषय. त्याची अट अशी, की सहा महिने श्टुटगार्टात राहायचं आणि घरमालकाची सही आणायची : 'ही इथल्या जगण्यात मिसळली.' सही नाही तर विषय नाही, विषय नाही तर पदवीही नाही.

पाच मिनिटांत दारावर थाप.

"पोरी, पाटी चुकून माझ्याकडे आली."

"चुकून नाही, मीच लावली. जिना स्वच्छ आहे की!"

"मग? घाण व्हायची वाट बघू?"

"बघा. मी नाही झाडणार."

"आणि सही?"

"नका देऊ!"

बाईंनी पाटी पुन्हा तिच्या दाराला लावली. हिने ती वरच्या निवृत्त पोस्टमास्तर त्सीग्लरांकडे सरकवली. त्यांनी ती परत पाठवली. शेवटी रान्हिल्डने पाटी कपाटात घालून कुलूप लावलं.

आता पाळी कुणाची, हेच कुणाला कळेना. आपल्यावर बोट नको, म्हणून प्रत्येक घराने गुपचूप जिना धुवायला काढला. एकाचं पाणी वाळायच्या आत दुसऱ्याची बादली. तिसऱ्या दिवशी त्सीग्लर घसरले, ते थेट हेबर्लेबाईंच्या बादलीत बसले.

"पाटी कुठाय?" बादलीतूनच ते ओरडले.

"माझ्या कैदेत!" वरून उत्तर आलं.

त्या रागातच तिने तक्रार लिहिली. चार पानं, अकरा कलमं. सातव्या कलमात मागणी : झाडण्याआधी घाण आहे का, याची रीतसर तपासणी व्हावी. खाली तारीख, सही, आणि 'चौदा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पुढील पाऊल उचलण्यात येईल.' प्रत्येक पत्रपेटीत एकेक प्रत.

रविवारी हेबर्लेबाईंच्या स्वयंपाकघरात सभा भरली. बटाट्याच्या सॅलडला कुणी हात लावला नाही. बाईंनी पत्र अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून डोळे टिपले.

"चाळीस वर्षांत या घरात असं पत्र आलं नाही. माझा जावई इथलाच, पण त्यालाही अशी मुदत घालता येत नाही हो!"

"मी माफी मागणार नाही," रान्हिल्ड म्हणाली.

"मागून तर बघ! मग सही मिळायची नाही." आणि बाईंनी विद्यापीठाच्या कागदावर दणकून सही केली.

त्सीग्लर उशीवर बसले होते. ते खाकरले. "सातवं कलम मंजूर. पण तपासणार कोण?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

पुढच्या शनिवारी आठच्या ठोक्याला ती वही घेऊन जिन्यात उभी होती. खाली हेबर्लेबाई ओणव्या होऊन चौथी पायरी दुसऱ्यांदा पुशीत होत्या. तेवढ्यात बर्गनहून आईचा फोन.

"बाळा, परीक्षा झाली ना? घरी कधी येतेस?"

"येईन गं," रान्हिल्ड कठड्यावरून बोट फिरवत म्हणाली. "आधी आपल्या घरच्या जिन्याचा फोटो पाठव. कोपऱ्यांसकट."