कोकरांसाठी कोरडी जागा

हवामानाचा अभ्यास नेहमी कोरड्या जागी बसूनच करावा. ओल्या कागदावर शाई फुटते, आणि मग निष्कर्षही फुटतात. या तत्त्वाला धरूनच २००९च्या नोव्हेंबरात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात, 'कोरडवाहू भागातील मेंढपाळ आणि लहरी हवामान' या विषयावर समाजमंदिरात शिबिर झालं. शहापूरहून कृषी खात्याचे साहेब आले. सूत्रसंचालन माझं (इयत्ता दहावी, आवाज खणखणीत, हे साहेबांचेच शब्द).

गावात त्या दिवशी खरीखुरी मेंढपाळीणही होती. हा मात्र नियोजनाचा भाग नव्हता. धोंडीबाई दरवर्षी दिवाळीनंतर नगरकडून माळशेज घाट उतरून यायची. कापलेल्या भातशेतात तिची मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेताला, भात तिला, ही आमची जुनी रीत. त्या वर्षी तिच्याकडे पाऊस फिरकलाच नाही, म्हणून ती लवकर उतरली. आमच्याकडचा पाऊस जायलाच तयार नव्हता, म्हणून भात शेतात उभा. वर गवत नाही, खाली जागा नाही. (साहेबांनी याला 'अनुकूलन' म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.)

सकाळीच पावसाने झोडपायला सुरुवात केली. धोंडीबाई एकतीस कोकरं घेऊन समाजमंदिराच्या दारात आली. किल्ली जगनकाकांकडे.

"दादा, कोकरं तेवढी आत घ्या. थोरली भिजू द्या."

"नाय गो मावशे, सायब येनार. लेंड्या कोन काढनार?"

"शेतात त्याच लेंड्या ग्वाड लागत्यात व्हय रं?"

"शेताचा येगला, हॉलचा येगला," काका म्हणाले.

मी माइक तपासत होते. हॅलो, हॅलो. तिला बाहेरही स्वच्छ ऐकू गेलं असणार.

उपस्थिती : शेहेचाळीस. पैकी मेंढपाळ : शून्य (निमंत्रण होतं, पण पाय चिखलाचे). चहा : दोनदा. बॅनरवरची मेंढी : हसरी. साहेबांची सूचना क्रमांक चार : "अवकाळी पावसात कोकरं ताबडतोब कोरड्या, बंद जागी हलवावीत. उदाहरणार्थ, हे सभागृह." शेहेचाळीस जणांनी ती वहीत उतरवली. माझं अक्षर सगळ्यांत सुवाच्य. खिडकीतून धोंडीबाई दिसत होती, कोकरांवर घोंगडी धरून उभी. शिंतोडे येतात म्हणून साहेबांनी खिडकी लावायला सांगितली. मीच लावली.

आभारप्रदर्शन होईस्तोवर एकोणीस कोकरं गार पडली होती. तिने ती चिंचेखाली पुरली, उरलेली घेऊन निघाली, आणि त्यानंतर आमच्या शेतात तिची मेंढरं कधी बसली नाहीत. अहवालात 'हेतू पूर्ण सफल' असं आहे.

तुम्हाला आता जगनकाकांचा राग आला असेल. छान. आम्हा शेहेचाळीस जणांनाही त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, अगदी कोरड्या जागी बसून. तुमच्यासाठी सत्तेचाळिसावी खुर्ची मांडते. या, बसा. पाय तेवढे पुसून या.