मूठभर मीठ आणि वासुदेवरावांचे दात

घरातलं जवळजवळ सगळं मीठ बर्फात गेलं, हे शोभाताईंना वरणाला उकळी फुटल्यावर कळलं.

"एवढ्याशा आइस्क्रीमले अडीच किलो?"

निवृत्त विज्ञान शिक्षक खेमराज पॉटचा दांडा फिरवत नवऱ्याच्या अधिकाराने म्हणाले, "नुसता बर्फ शून्यावर थांबते. मीठ टाकलं का उणे पंधराले जाते."

"अन् वासुदेवराव आपल्या गावाले, वरठीले जातीन. वापस!"

भीती खरी होती. लेक दामिनीच्या या होणाऱ्या सासऱ्यांनी मागच्या ठिकाणी भाजी अळणी निघाली म्हणून पोराची सोयरीक मोडली होती. आज जेवून ते लग्नाची तारीख सांगणार होते. सध्या बाहेरच्या खोलीत घोरत होते. कोपऱ्यावरचं दुकान बंद, आणि डब्याच्या तळाशी मूठभर मीठ. वरण-भाजीपुरतं.

तेवढ्यात दामिनी धावत आली. "आई, त्याईच्या उशाजवळचा झाकलेला गिलास?"

"पाणी कोमट झालं असन म्हणून मघाशीच बर्फात खुपसला."

"त्यात त्याईचे दात होते!"

खेमराजांनी बादलीतून गिलास उपसला. पाण्याचा दगड झाला होता आणि त्यातून कवळी हसत होती.

"गरम पाणी ओता!"

"अन् वाकडी झाली त? मीठ टाक. मिठानं बर्फ वितळते."

"आत्ता त म्हणत होते, मिठानं गोठते!"

"दोन्ही होते."

"तुमचे पोरं काहून नापास होत, ते आज समजलं."

बाहेरचं घोरणं थांबलं. शोभाताईंनी वरणाकडे पाहिलं, दातांकडे पाहिलं आणि मूठ गिलासावर उघडली.

वासुदेवराव हातपाय धुऊन येईपर्यंत दात सुटले. दामिनीने गिलास उशाशी परत ठेवला; विसळायला कोणाला सवड मिळालीच नाही. त्यांनी कवळी उचलली आणि सरळ तोंडात बसवली.

"लय थंड हाय बा!"

"आमच्या साकोलीचं पाणीच तसं," खेमराज म्हणाले.

पानं वाढली. वरण अळणी, भाजी अळणी. वासुदेवरावांनी भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले. शोभाताईंनी पदर मुठीत आवळला.

"शोभाताई, इतकं नेमकं मीठ मी जन्मात खाल्लं नाई. तुळशीचं लग्न झालं का आपला बार उडवून टाकू!"

मग खेमराजांनी स्वतःच्या हाताने आइस्क्रीम वाढलं. दोन तासांची मेहनत. वासुदेवरावांनी चमचा तोंडात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे मात्र खारट झालं, मास्तर."

"काय सांगू," शोभाताई म्हणाल्या, "याईले मिठाचा अंदाजच नाई."