मस्तानचाचांचा कान

मस्तानचाचांनी सांगितलेलं गुपित साखर कारखान्याच्या कॉलनीत निदान चार घरांना कळायचं. कॅन्टीनमध्ये एकदा ते माझ्याकडं वाकले आणि म्हणाले, "बेटा, कुणाला सांगू नको, चीफ इंजिनिअरचं मन इथं लागंना." पलीकडच्या टेबलावरच्या चीफ इंजिनिअरनी मुकाट्यानं डबा बंद केला.

चाचा मिल हाउसमध्ये फिटर. ऊस चिरडणारे रोलर, टर्बाइनची किंकाळी, साखळ्यांचा खडखडाट, यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. मी टाइम ऑफिसात हजेरी बघतो. कामासाठी मिल हाउसमध्ये दहा मिनिटं गेलो तरी संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजते. चाचांच्या कानात ती कायमची होती. "कुकर हाय," म्हणायचे. "शिजतंय काय ते अल्लाला ठावं."

कारखान्यानं कानात घालायला रबरी बोळे दिले. चाचांनी नाही घातले. "बेअरिंग जायच्या आधी रडतंय. बोळे घातल्यावर कसं ऐकू मी?"

खरं तर ते ऐकत नव्हतेच. ते रोज मशीनवर तळहात ठेवायचे, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. एकदा ऐन हंगामात त्यांनी हात काढला आणि "बंद करा!" म्हणून ओरडले. शिफ्ट इंजिनिअर गाळप थांबवायला तयार होईनात. शेवटी चाचांनी स्वतःच मिल बंद केली. झाकण काढलं तर आतलं बेअरिंग तापून निळं पडलेलं. साहेबांनी मागून "शाबास" म्हणत पाठ थोपटली. चाचा म्हणाले, "व्हय, जेवलो."

तेव्हा मला पहिली शंका आली.

यंदा कामगारांच्या कानाच्या तपासणीला सोलापूरहून डॉक्टरबाई आल्या. कान गेलेल्यांना मिल हाउसमधून हलवणार, अशी कुणकुण होती. चाचा खुर्चीवर ताठ बसले. बाईंनी हळू आवाजात एकेक शब्द उच्चारला, चाचांनी सगळे बिनचूक म्हणून दाखवले. बाई थोडा वेळ त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडासमोर कागद धरला.

"नाव काय तुमचं?"

"तंबाखू सोडली आता," चाचा म्हणाले.

स्टोअरला बदलीचा हुकूम मलाच टाइप करावा लागला. चाचांनी माझ्याशी अबोला धरला. ते माझ्याबद्दल इतरांशी काय बोलतात, ते मात्र मला ऑफिसात बसून ऐकू यायचं. स्टोअरमध्ये ते नट-बोल्टच्या खोक्यांमध्ये हात मांडीवर ठेवून बसत. "इथं काय बी हलत न्हाय," ते शेजारच्याला सांगत. मशीनवरून उठवलेला माणूस म्हणजे कारखान्याच्या हिशेबी संपला, ही धास्ती त्यांनी वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळली होती.

एकट्यानं नव्हे. चाचींना सगळं माहीत होतं. कानाचं मशीन आलं तेव्हा चाचींनीच मला चहाला बोलावलं. "दहा वर्षं झाली, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी समोर उभं राहून सावकाश बोलायची. तसंच त्यांना व्हट वाचायची सवय लागली." मग त्या आत गेल्या.

चाचा खाटेवर बसले होते. कानामागं मशीन. माझ्याशी अबोला आहे, हे ते विसरले असावेत. ते बोलले, तेही इतक्या हळू, की मलाच पुढं सरकावं लागलं.

"बेटा, हिचा आवाज म्हातारा झालाय रे."

त्यांनी कानामागच्या मशीनला बोट लावलं.

"मी शेवटचा ऐकला तवा तरणा होता. मधला सगळा निसटला."

आतून चाचींनी विचारलं, "साखर किती घालू?"

"काय म्हनली?"

"साखर, साखर! किती घालू?"

"ऐकू आलं न्हाय."

चाची दारात आल्या. पदराला हात पुसत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. चाचांनी त्यांच्या ओठांकडं बघितलं नाही. डोळे मिटले होते.

"आणखी एकदा म्हन," ते म्हणाले.