खडखड्या प्रिंटराच्या बचावाची मोहीम

ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे. मालवाहतुकीच्या एका कचेरीत खडखड्या नामे प्रिंटर होता, तो भंगारात जाता जाता कैसा वाचला, त्याचे वर्तमान घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल ते शोभेपुरतेच, आणि ते कोणते हे लेखक सांगणार नाही.

खडखड्या म्हणजे सुया आपटून छापणारा जुना सरदार. तो छापू लागला की टेबलावरचे पेले थरथरत आणि फोनवर बोलणारे कानावर हात ठेवून आवारात पळत. परंतु तीन पदरी पावतीवर एकदा प्रहार केला की तिन्ही प्रती एकदम उमटत, ऐसा त्याचा पराक्रम. कंपनीने हे मॉडेल बंद करून रिबिनीची रसद तोडली, त्यास आठ वर्षे जाहली होती. तरी हेडक्लार्क, ज्यांस सारी कचेरी काका म्हणे, त्यांनी किल्ला सोडला नाही. वाळल्या रिबिनीस शिक्क्याची शाई पाजावी, आणि इतरांनी टाकून दिलेले तीन मयत प्रिंटर टेबलाखाली जमवून त्यांची दातेरी चाके काढावी, आणि तुटल्या स्प्रिंगच्या जागी रबरबँड चढवून वर दटावावे, "आता नखरे नकोत," ऐसा त्यांचा कारभार.

मग थोरले मालक विश्रांतीस गेले आणि त्यांची कन्या गादीवर आली. तिजला सर्व ताई म्हणत. ताईसाहेबांचे कान नाजूक. अशात नव्या प्रिंटरांचा विक्रेता, गळ्यात टाय बांधोन, दरबारी रुजू जाहला, आणि रंगीत पुस्तके दाखवून त्याने मसलत फिरवली. मग फर्मान सुटले की, खडखड्यास शुक्रवारी भंगारवाल्याचे हवाली करावे. काकांनी अर्ज केला, तो 'बघू' ऐशा शेऱ्यानिशी परतला. काका वरून हसले, पण आतून हादरले. बत्तीस वर्षांचे त्यांचे सारे कसब त्या खडखडाटात होते. प्रिंटर उचलला की मागोमाग आपलीही खुर्ची उचलतील, ही धास्ती त्यांनी घरी बायकोसही सांगितली नाही.

गुरुवारी नवा प्रिंटर विराजमान जाहला आणि खडखड्या दाराशी जमिनीवर आला. नव्याच्या पोटात तीन पदरी पावती अडके, म्हणोन विक्रेत्याने तीन सुटे कागद छापले, आणि ड्रायव्हराने तिहींवर तीन सह्या ठोकल्या, आणि टोमॅटो भरून ट्रक सॉसच्या कारखान्याकडे कूच करिता जाहला.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे. त्या ड्रायव्हराची सही उभ्या आयुष्यात दोनदा सारखी आली नव्हती. आजवर तो एकदाच दाबून सही करी आणि ती तिन्ही पदरांत उतरे, म्हणोन हे ऐब झाकून राहिले होते. कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याचा रिवाज ऐसा की, ड्रायव्हराची प्रत आणि कारखान्याची प्रत शेजारी धरून सही ताडावी. त्याने ताडली आणि म्हणाला, "या दोन माणसांच्या सह्या आहेत. दुसरा कुठंय?" ड्रायव्हराने शपथा घेतल्या आणि त्याच्यासमक्ष नवी सही केली. पहारेकरी म्हणाला, "हा तिसरा!" आणि फाटक बंद.

ऊन चढले, टोमॅटो पाझरू लागले, कारखान्याबाहेरच सॉस होण्याचा प्रसंग गुदरला. ड्रायव्हराचा फोन कचेरीत आला, तो ताईंनी विक्रेत्याकडे पाहिले. विक्रेत्याने आपल्या कंपनीस फोन लाविला, तो कंपनीने त्यास बासरी ऐकवत थांबवून ठेविले. तेव्हा ताईसाहेब स्वतः दाराशी आल्या.

"काका, चालतो का हा अजून?"

"चालतो, ताई. जरा रागावलाय."

मग काकांनी खडखड्यास दोन्ही हातांनी उचलून टेबलावर बसविले, आणि वायरी जोडल्या, आणि रिबिनीस शाई पाजता पाजता मनगटापर्यंत काळे जाहले. पहिला प्रहार फिका गेला. दुसऱ्यास पेले थरथरले आणि तिन्ही प्रती उमटल्या. त्या घेऊन काका स्कूटरवर दौडत फाटकाशी पोहोचले. ड्रायव्हराने ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरून, जीभ दातांत धरून, एकच सही दाबून केली. पहारेकऱ्याने दोन प्रती उन्हात धरल्या आणि बराच वेळ न्याहाळल्या आणि फाटक उघडले.

काका परतले तो नवे फर्मान तयार होते: पत्रे नव्या प्रिंटराने छापावी, पावत्या खडखड्याने, आणि भंगारवाल्यास नकार कळवावा. काकांना आनंद जाहला, परंतु मनातले बोलल्याविना राहवले नाही.

"ताई, दोन वर्षांनी मी रिटायर होणार. मग याला कोण बघणार?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि बाह्या सारल्या. "दाखवा, रिबीन कशी भरायची."

काकांचे डोळे भरून आले, आणि हात शाईचे असल्याकारणे पुसताही येईनात.

येणेप्रमाणे गुरुवारी तिसरे प्रहरी किल्ला राखिला. सरदार आणि किल्लेदार दोघेही आपापले जागी कायम जाहले. ताईसाहेबांचे दोन्ही तळवे काळे जाहले, ते शुक्रवारीही तैसेच होते, हे आम्ही समक्ष पाहून लिहिले.